कॉलेजचं नाव किती लांब पोचतं?

दरवर्षी बारावीच्या निकालानंतर सीईटी सेलच्या याद्या लागतात, कॅप राउंड सुरू होतात आणि घराघरांत पर्सेंटाइलच्या दशांशांवर रात्री उशिरापर्यंत खल चालतो. एकाच क्लासला जाणाऱ्या दोन मुली डोळ्यांसमोर आणा. दोघींच्या पर्सेंटाइलमध्ये फरक आहे तो दशांशचिन्हानंतरच्या दुसऱ्या आकड्याचा. पहिलीला नावाजलेल्या सरकारी कॉलेजातली शेवटची जागा मिळते. दुसरीची तीच जागा थोडक्यात हुकते आणि ती हायवेलगतच्या एखाद्या खासगी कॉलेजात जाते. परीक्षेच्या दिवशी एक प्रश्न इकडचा तिकडे झाला असता, तर दोघींची कॉलेजं बदलली असती. चार वर्षांनी पहिलीच्या हातात जास्त पगाराचं ऑफर लेटर येतं. हा जास्तीचा पगार तिला तिथे जे शिकायला मिळालं त्याचा, की कॉलेजच्या नावाचा?

अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना अशा जोड्या फार मोलाच्या वाटतात. कटऑफच्या रेषेला अगदी चिकटून असलेली मुलं हुशारीत जवळजवळ सारखी असतात. नशिबाने काही रेषेच्या वर राहतात, काही खाली. म्हणून पुढे त्यांच्यात जो फरक पडतो, तो कॉलेजमुळेच पडला असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या शीतल सेखरी यांनी भारतातल्या कॉलेजांबाबत नेमका असा अभ्यास केला आणि तो 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. नामांकित सरकारी कॉलेजांत रेषेच्या किंचित वर राहून शिरलेली मुलं आणि किंचित खाली राहून खासगी कॉलेजांत गेलेली मुलं त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिली. सरकारी कॉलेजातून निघालेल्यांचे पगार जास्त होते. पदवीच्या शेवटच्या परीक्षेतल्या गुणांत मात्र दोन्हींमध्ये फरक नव्हता. म्हणजे ज्ञानाच्या मापात दोघी बरोबरीने बाहेर पडल्या आणि बाजाराने त्यांची किंमत वेगवेगळी केली.

ही गोष्ट नीट समजून घ्यायची तर प्लेसमेंटचा हंगाम जवळून पाहायला हवा.

तिसरं वर्ष संपत आलं की कॉलेजचे ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले टीपीओ, कंपन्यांना ईमेल आणि फोन करू लागतात. कंपन्यांच्या बाजूला तेव्हा एक यादी आधीच तयार असते. मुलाखती घेणारे इंजिनियर आपलं रोजचं काम बाजूला ठेवून येतात, त्यामुळे वर्षाकाठी किती कॉलेजांत जाता येईल याला मर्यादा असते. यादीतल्या पहिल्या दहा-पंधरा कॉलेजांतच हव्या तितक्या जागा भरत असतील, तर सोळाव्या कॉलेजात जाण्याचं कारण कंपनीला दिसत नाही. जिथे कंपनी येते, तिथे आधी कंपनीची माहिती देणारं भाषण होतं. मग ऑनलाइन चाचणी, टेक्निकल इंटरव्ह्यू आणि शेवटी एचआर राउंड. चाचणीच्या आधीही एक चाळण असते. दहावी, बारावी आणि पदवी तिन्हीकडे साठ टक्के, एकही विषय राहिलेला (केटी) नाही. या अटीत न बसणाऱ्याचं नाव टीपीओ यादीतच घालत नाहीत.

पवईच्या आयआयटीत हाच हंगाम डिसेंबरच्या पहिल्या तारखेला उघडतो. सर्वांत जास्त पैसे देणाऱ्या कंपन्यांना पहिल्या दिवसाचे पहिले स्लॉट हवे असतात, आणि उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपवरून काही मुलांना त्याआधीच प्री-प्लेसमेंट ऑफर मिळालेली असते. दुसऱ्या टोकाला छोट्या शहरातलं कॉलेज. तिथे पूल कॅम्पस होतो. आठ-दहा कॉलेजांची मुलं एका ठिकाणी बसने आणली जातात, सकाळी रांगा लागतात, आणि संध्याकाळी ज्यांची नावं पुकारली जातात त्यांच्या हातात बहुतेक वेळा मोठ्या आयटी सेवा कंपनीतली साडेतीन लाखांच्या आसपासची नोकरी असते. सुरुवातीच्या पगाराचा हा आकडा दहा-बारा वर्षांत फारसा हललेला नाही, ही गोष्ट या मुलांच्या आईवडिलांना महागाईच्या हिशोबात चांगलीच जाणवते.

कंपनी कॉलेजचं नाव का पाहते? याचं सर्वांत स्वच्छ उत्तर मायकेल स्पेन्स या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1973 मध्ये एका लेखात दिलं. पुढे 2001 मध्ये जॉर्ज ॲकरलॉफ आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासोबत त्याला नोबेल मिळालं, ते या प्रकारच्या विचारासाठीच. स्पेन्सचं म्हणणं थोडक्यात असं. माणूस कामाला किती चांगला, हे नोकरी देणाऱ्याला आधी कळत नाही. अर्जदाराला आपली लायकी माहीत असते, पण त्याच्या नुसत्या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा? मग दोघांना एखादी खूण लागते, अशी खूण जी मिळवणं लायक माणसाला तुलनेने सोपं आणि इतरांना कठीण असेल. पदवी ही अशी खूण आहे. पदवीच्या काळात तो प्रत्यक्ष काय शिकला हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी खूण काम करत राहते.

आता 2024 ची जेईई ॲडव्हान्स्ड पाहा. 1,80,200 मुलांनी दोन्ही पेपर दिले, 48,248 पात्र ठरली, आणि सगळ्या आयआयटींत मिळून जागा होत्या 17,740. त्याआधी जेईई मेनची चाळणी झालीच होती. आयआयटीत मुलाखतीला जाणारी कंपनी ही सगळी निवड आयती वापरते. त्यासाठी तिला एक रुपया खर्च येत नाही. फक्त ही निवड त्या मुलाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी, भौतिक, रसायन आणि गणित या तीन विषयांत झाली होती, आणि कंपनी ती एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी, अगदी वेगळ्या कामासाठी वापरत आहे. मधल्या चार वर्षांत कोण वाढलं आणि कोण थांबलं, याबद्दल कॉलेजचं नाव काहीच सांगत नाही. माझ्या मते या सगळ्या व्यवहारातला खरा दोष इथे आहे.

महाराष्ट्रात ही खूण पदवीवरून कॉलेजवर कशी सरकली, त्याला इतिहास आहे. 1983 पर्यंत राज्यात इंजिनियरिंगची कॉलेजं मोजकी होती. 1854 पासूनचं पुण्याचं सीओईपी, 1887 मध्ये सुरू झालेलं मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, आणि 1960 च्या आगेमागे कराड, औरंगाबाद, नागपूर, अमरावतीला निघालेली कॉलेजं. त्या काळात ‘बी. ई.’ ही दोन अक्षरंच पुरेशी होती. मग 1983 मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित खासगी कॉलेजांना परवानगी दिली आणि चित्र बदललं. शेतकऱ्यांच्या आणि लहान गावांतल्या हजारो मुलांना घराजवळ शिकून इंजिनियर होता आलं, हे त्या निर्णयाचं मोठं श्रेय आहे. पण कॉलेजं शेकड्यांनी झाल्यावर नुसत्या बी. ई.वरून कुणाची ओळख पटेना. तेव्हा नोकरी देणाऱ्यांची नजर पदवीच्या नावावरून खाली, कॉलेजच्या नावावर गेली. जितक्या पदव्या वाढल्या, तितकं नावाचं वजन वाढलं.

अमेरिकेत हे वजन किती टोकाला जातं, ते लॉरेन रिव्हेरा या समाजशास्त्रज्ञ बाईंनी आतून पाहिलं. मोठ्या कायदा कंपन्या, गुंतवणूक बँका आणि सल्लागार कंपन्या यांच्यात निवड करणाऱ्या 120 जणांशी त्या बोलल्या, आणि एका कंपनीच्या भरती विभागात त्यांनी स्वतः काम केलं. 2015 मध्ये त्यांचं ‘पेडिग्री’ हे पुस्तक आलं. या कंपन्यांकडे विद्यापीठांची दोन वर्तुळं असतात. आतल्या वर्तुळातल्या तीन-पाच विद्यापीठांत त्या स्वतः जातात, बाहेरच्या वर्तुळातल्यांना अर्ज करू देतात आणि थोड्यांना बोलावतात. या दोन्हींबाहेरून आलेला अर्ज वेगळ्या ठिकाणी साठतो, आणि आतली ओळख असल्याशिवाय त्याच्याकडे क्वचितच कुणी बघतं. वेबसाइटवर मात्र ‘कुणीही अर्ज करा’ असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे ऑफ-कॅम्पस अर्ज पाठवून महिनोन् महिने उत्तराची वाट बघणाऱ्या मुलामुलींना हे वाचून आपल्या अर्जांचं काय होतं याचा अंदाज येईल.

पण नावाचा परिणाम खरा की भासमान, यावर अमेरिकेतच दोन अभ्यासांनी दोन वेगळी उत्तरं दिली आहेत, आणि ती दोन्ही बरोबर आहेत.

पहिला अभ्यास स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांचा, 2002 चा. त्यांनी 1976 मध्ये कॉलेजात गेलेली मुलं घेतली. युक्ती अशी की ज्यांनी सारख्याच विद्यापीठांत अर्ज केले आणि ज्यांना सारखेच होकार-नकार मिळाले, त्यांची आपापसांत तुलना करायची. मोठ्या नावाच्या विद्यापीठाचा होकार मिळूनही कुणी पैशांसाठी किंवा घरासाठी साध्या विद्यापीठात गेलं असेल, तर पुढे त्याची कमाई कमी झाली का? सरासरीत झाली नाही. बहुतेकांच्या बाबतीत कमाई ठरवत होती ती मुलाची स्वतःची कुवत आणि जिद्द, ज्यांच्या जोरावर तो होकार मिळाला होता. पण गरीब घरातल्या मुलांना नावाचा फायदा स्पष्ट झाला. पुढच्या अभ्यासात, काळ्या आणि हिस्पॅनिक विद्यार्थ्यांना आणि ज्यांचे आईवडील फार शिकलेले नव्हते त्यांनाही तो झाला असं दिसलं. ज्यांच्या घरी आधीच ओळखी असतात त्यांना कॉलेजच्या ओळखींची फार गरज पडत नाही. ज्यांच्या घरी काहीच नसतं, त्यांच्यासाठी कॉलेज हाच पहिला दरवाजा असतो.

दुसरा अभ्यास 2023 चा. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी आयव्ही लीगची आठ विद्यापीठं आणि त्यांच्या जोडीला स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक व शिकागो, अशी बारा नावं घेतली. त्यांनी प्रतीक्षा यादीतल्या मुलांकडे पाहिलं. प्रतीक्षा यादीतून कुणाला आत घेतलं जातं हे पुष्कळदा त्या वर्षी किती जागा रिकाम्या राहिल्या, कोणत्या विषयाला मुलं कमी पडली, अशा गोष्टींवर ठरतं. म्हणून आत गेलेले आणि बाहेर राहिलेले यांच्यात तसा फरक नसतो. या अभ्यासातही सरासरी पगारात फार वाढ दिसली नाही. पण देशातल्या सर्वाधिक कमावणाऱ्या एक टक्क्यात पोचण्याची शक्यता चांगल्या सरकारी विद्यापीठात जाणाऱ्यांपेक्षा दीडपटीच्या आसपास झाली. नामवंत विद्यापीठात पुढचं शिक्षण घेण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट झाली, आणि नामवंत कंपनीत काम करण्याची तिप्पट. म्हणजे नाव सर्वसाधारण पगार थोडाच वाढवतं, शिखरावरची दारं मात्र ते उघडतं. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट उघड झाली. प्रवेश परीक्षेत सारखे गुण असूनही अतिश्रीमंत एक टक्का घरांतल्या मुलांना या बारा विद्यापीठांत जागा मिळण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त होती. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारी पसंती हे त्याचं एक मोठं कारण.

आता पुढच्या शिक्षणाकडे वळू. इथे नाव आणखी वेगळ्या रीतीने काम करतं, कारण इथे निवड करणारे स्वतः प्राध्यापक असतात.

जुली पॉसेल्ट यांनी अमेरिकेतल्या तीन विद्यापीठांतल्या दहा पीएच.डी. विभागांच्या प्रवेश समित्यांचा अभ्यास केला, बैठकांत बसून. 2016 मध्ये त्यांचं त्यावरचं पुस्तक निघालं. शेकडो अर्ज समोर असतात आणि वेळ कमी. पहिली छाटणी जीआरई या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर आणि पदवीच्या गुणांवर होत असे, आणि पदवीचे गुण वाचताना समितीचे सदस्य आधी कॉलेजचं नाव बघत. मोठ्या विद्यापीठातला ‘बी प्लस’ अनोळखी विद्यापीठातल्या ‘ए’ला भारी पडतो. आपल्याकडून जाणाऱ्या विद्यार्थ्यांना यात आणखी एक अडचण येते. महाराष्ट्रातल्या बहुतेक कॉलेजांची पदवी संलग्न विद्यापीठाची असते. शेकडो कॉलेजं, पदवी एकाच नावाची, आणि पेपर तपासण्याची जुनी कडक पद्धत. त्यात एखाद्या खरोखर हुशार मुलीला अडुसष्ट टक्के मिळतात. तिच्या कॉलेजातल्या प्रत्येकाला ते किती मोठे आहेत हे माहीत असतं. विस्कॉन्सिनमधल्या प्राध्यापकाला ते शंभरापैकी अडुसष्ट दिसतात.

मग शिफारसपत्रं. पीएच.डी.च्या अर्जाला साधारण तीन लागतात, आणि छाटणीनंतर टिकलेल्या अर्जांत तीच निर्णायक ठरतात. पवईच्या आयआयटीतल्या किंवा बंगळुरूच्या विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकाने लिहिलेलं पत्र वाचणारा कधी त्याचा सहलेखक असतो, कधी त्याच्याच गुरूचा शिष्य. ‘गेल्या पाच वर्षांत मी पाठवलेल्या मुलांपैकी ही दुसरी,’ असं तिथे लिहिता येतं आणि वाचणाऱ्याला पहिली कोण होती ते आठवतं. छोट्या कॉलेजात विभागप्रमुखांवर वीस तासिका, परीक्षा आणि नॅकच्या मूल्यांकनाची कागदपत्रं असतात. विद्यार्थी स्वतःच पत्राचा मसुदा टाइप करून नेतो, सर लेटरहेडवर सही करतात. सरांचा हेतू चांगलाच असतो. पण तीन पत्रांत तीच विशेषणं, तेच परिच्छेद दिसले की समिती ती पत्रं बाजूला ठेवते. नावाजलेल्या कॉलेजचा विद्यार्थी इथे खऱ्या अर्थाने पुढे जातो, आणि त्याचं कारण शिकवण्यापेक्षा प्राध्यापकांच्या ओळखींत जास्त आहे.

ही साखळी पुढे अध्यापनाच्या नोकरीपर्यंत जाते. ॲरन क्लॉसेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये अमेरिकेतल्या संगणकशास्त्र, व्यवस्थापन आणि इतिहास या विभागांतल्या सुमारे 19,000 प्राध्यापकांच्या पीएच.डी. तपासल्या. एक चतुर्थांश विद्यापीठांतून 71 ते 86 टक्के प्राध्यापक आले होते. 2022 मध्ये ‘नेचर’मध्ये याच गटाचा सगळ्या विषयांचा मोठा अभ्यास आला. त्यात अमेरिकेत पीएच.डी. झालेल्या दर आठ प्राध्यापकांमागे एक जण फक्त पाच विद्यापीठांतून आलेला निघाला: बर्कली, हार्वर्ड, मिशिगन, विस्कॉन्सिन आणि स्टॅनफर्ड. आपण जिथे शिकलो त्याहून वरच्या विद्यापीठात नोकरी मिळवणारे फार थोडे. ज्यांना हे पद मिळतं, तेच पुढे प्रवेश समितीत बसतात.

भारतात मात्र उच्च शिक्षणाच्या प्रवेशात एक वेगळी सोय आहे आणि तिचं मोल आपल्याला पुरेसं कळलेलं नाही. 1980 च्या दशकापासून गेट ही इंजिनियरिंगची राष्ट्रीय परीक्षा आहे. तिचा स्कोअर घेऊन परभणीच्या कॉलेजातली मुलगी मुंबई आयआयटीत एम.टेक.ला जाऊ शकते, आणि त्या यादीत तिच्या कॉलेजचं नाव कुणी विचारत नाही. सार्वजनिक क्षेत्रातल्या मोठ्या कंपन्याही या स्कोअरवर इंजिनियर घेतात. आयआयएमच्या कॅटचंही बरंचसं असंच, जरी तिथे दहावी-बारावीचे गुण मोजले जातात. पण याच व्यवस्थेत एक पळवाट ठेवलेली आहे. आयआयटीच्याच बी.टेक. पदवीधराला दहापैकी आठ किंवा त्याहून जास्त सीपीआय (गुणांची सरासरी) असेल, तर एम.टेक.साठी गेट द्यावी लागत नाही. इतर सगळ्यांनी सिद्ध करायचं आणि त्याने नाही. या सवलतीचं समर्थन ऐकलेलं आहे, ते मला पटलेलं नाही. परीक्षा चांगली असेल तर ती सगळ्यांनी द्यावी.

कधी कधी सरकारंही नावावर विसंबतात. ब्रिटनने मे 2022 मध्ये एक नवा व्हिसा काढला. ब्रिटनबाहेरच्या जगातल्या आघाडीच्या विद्यापीठांतून गेल्या पाच वर्षांत पदवी घेतलेल्यांना नोकरीची ऑफर नसतानाही तिथे दोन वर्षं राहून काम शोधता येईल, पीएच.डी. असेल तर तीन वर्षं. विद्यापीठं कोणती, हे जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या पन्नासांवरून ठरवलं. पहिल्या यादीत भारतातलं एकही नाव नव्हतं. ज्या पवईच्या पदवीपुढे बंगळुरूतली प्रत्येक कंपनी दार उघडते, ती पदवी लंडनमध्ये व्हिसा तपासणाऱ्या कारकुनाच्या यादीतच नव्हती. कॅलिफोर्नियातल्या प्राध्यापकाला ती नीट ओळखीची असते, कारण तिथून आलेले विद्यार्थी त्याने चाळीस वर्षं पाहिले आहेत. पाहणाऱ्याच्या माहितीत असेल तिथपर्यंतच कॉलेजचं नाव पोचतं.

आणि सारखं नाव असलं तरी ते सगळ्यांना सारखं उपयोगी पडत नाही. अश्विनी देशपांडे आणि कॅथरीन न्यूमन यांनी 2007 मध्ये दिल्लीतल्या तीन विद्यापीठांतल्या दलित आणि बिगरदलित विद्यार्थ्यांच्या नोकरीच्या अपेक्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलाखतीत ‘घरी कोण काय करतं?’ हा प्रश्न बहुतेकांना विचारला जातो. सवर्ण मुलांना तो साधा, ओळख वाढवणारा वाटला. दलित मुलांना त्या प्रश्नाचा रोख ताबडतोब कळला. विद्यापीठ तेच, पदवी तीच, गुणही तसेच. त्याच सुमारास सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले. दलित आडनावाच्या अर्जांना कमी बोलावणी आली. कॉलेजच्या प्रतिष्ठेची चर्चा करताना ही गोष्ट सोडून दिली, तर आपण अर्धीच गोष्ट सांगतो.

मग नाव किती दिवस टिकतं? जोसेफ अल्टॉन्जी आणि चार्ल्स पिअरेट यांनी 2001 मध्ये अमेरिकी तरुणांच्या पगारांवरून दाखवलं, की नोकरीची वर्षं वाढत जातात तसा शिक्षणासारख्या वरून दिसणाऱ्या गोष्टींचा पगारावरचा परिणाम घटतो आणि सुरुवातीला मालकाला न दिसणाऱ्या कुवतीचा वाढतो. शेजारी बसून तीन वर्षं काम केलेल्या माणसाबद्दल त्याच्या मार्कशीटपेक्षा जास्त कळतं, हे कुठल्याही टीम लीडला विचारा. अर्थात पहिली नोकरीच साधी मिळाली, तर सुधारायला वेळ लागतो. कॅनडात मंदीच्या वर्षी पदवी घेतलेल्यांचा तोटा भरून निघायला साधारण दहा वर्षं गेली, असं 2012 च्या एका अभ्यासात दिसलं. ते सावरले ते मुख्यतः कंपन्या बदलत, हळूहळू चांगल्या कंपनीकडे सरकत. साडेतीन लाखांवर सुरुवात केलेल्या आपल्या मुलामुलींचा रस्ताही बहुधा असाच असतो.

हा सगळा विषय समजण्यासाठी माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा अभ्यास कोलंबियातला आहे, दक्षिण अमेरिकेतल्या देशातला. तिथे 2004 पासून पदवीच्या शेवटी एक राष्ट्रीय परीक्षा टप्प्याटप्प्याने, एकेका शाखेत सुरू झाली. पदवीधर आपले गुण बायोडेटात लिहू लागले. बेंटली मॅकलाउड आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं, की ज्या शाखांत ही परीक्षा आली तिथे पगारातला कॉलेजच्या नावाचा वाटा कमी झाला आणि व्यक्तीच्या स्वतःच्या कुवतीचा वाढला. नोकरी देणाऱ्यांना कुणी उपदेश केला नव्हता. त्यांच्या हातात एक ताजं माप आलं, म्हणून त्यांनी जुनं माप कमी वापरलं.

आपल्याकडे याची झलक दिसते. टीसीएसने 2018 मध्ये सगळ्या देशासाठी एकच ऑनलाइन चाचणी सुरू केली. त्यात वरच्या श्रेणीत आलेल्या मुलाला साध्या भरतीच्या जवळपास दुप्पट पगार मिळतो, मग त्याचं कॉलेज कुठलंही असो. झोहो कंपनी 2005 च्या सुमारापासून बारावी आणि डिप्लोमा झालेल्या मुलांना स्वतः शिकवून नोकरीवर घेते. डेलॉइटने ब्रिटनमध्ये 2015 मध्ये ठरवलं की ऑफर दिली जाईपर्यंत मुलाखत घेणाऱ्यांना उमेदवाराचं विद्यापीठ दाखवायचं नाही. संशोधनाकडे जायचं असेल, तर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा एनआययूएस कार्यक्रम, टीआयएफआरचा उन्हाळी संशोधन कार्यक्रम आणि विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप, या तिन्हींचे दरवाजे लहान कॉलेजांतल्या मुलांना उघडे आहेत. दोन महिने ज्यांच्या प्रयोगशाळेत काम केलं, त्यांनी लिहिलेलं पत्र हे खरं शिफारसपत्र असतं. अकोल्याच्या किंवा सोलापूरच्या मुलीला हे दुसऱ्याच वर्षी कुणीतरी सांगायला हवं, शेवटच्या वर्षी कळून उपयोग नाही.

कॉलेज निवडणाऱ्या पालकांनी माहितीपुस्तिकेवरचा ‘सर्वोच्च पॅकेज’ हा आकडा वाचूच नये. तो एका विद्यार्थ्याचा असतो, आणि त्यात जॉइनिंग बोनस आणि पुढच्या चार वर्षांचे शेअर धरलेले असू शकतात. त्याऐवजी कॉलेजच्या वेबसाइटवर एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीसाठी दिलेली माहिती शोधा. ती एक साधी पीडीएफ असते. किती मुलांनी प्रवेश घेतला, किती वेळेत पास झाली, किती नोकरीला लागली, किती पुढच्या शिक्षणाला गेली आणि नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार किती, हे तक्त्यात वर्षानुसार दिलेलं असतं. मध्यक म्हणजे निम्म्या मुलांना याहून कमी आणि निम्म्यांना जास्त. तो आकडा आणि शेजारचा ‘नोकरीला लागली’ हा आकडा एकत्र वाचा, तीन वर्षांचा वाचा, आणि आवडीच्या शाखेतल्या दोन माजी विद्यार्थ्यांना फोन करा.

आणि तुमच्यापैकी जे हिंजवडीत, ऐरोलीत किंवा नागपूरच्या मिहानमध्ये मुलाखती घेतात, त्यांच्याकडे एक मागणं आहे. पुढच्या भरतीत पहिल्या फेरीचे अर्ज तुमच्याकडे येतील, तेव्हा एचआरला सांगून त्यातलं कॉलेजचं नाव झाकून घ्या. चाचणीचा पेपर तपासून होईपर्यंत ते उघडू नका.